विद्यापीठाच्या आवारात पोलिसांच्या हाती स्टन गन असावी का?

वसुधा_द

माझा मुलगा येत्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जात आहे. विद्यापीठाने पाठवलेल्या माहितीपत्रकात वसतिगृह, आरोग्यविमा आणि ग्रंथालयाच्या वेळा यांच्या जोडीला विद्यापीठाच्या स्वतःच्या पोलीस खात्याचीही माहिती होती आणि हे पोलीस पिस्तुलाखेरीज स्टन गनही, म्हणजे विजेचा शॉक देणारे यंत्रही, बाळगतात, असे एका ओळीत नमूद केले होते. त्या ओळीमुळे मी दोन जुनी प्रकरणे मुळापासून वाचून काढली.

पहिले प्रकरण लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले, म्हणजे यूसीएलएचे आहे. १४ नोव्हेंबर २००६ रोजी रात्री साडेअकराच्या सुमारास पॉवेल ग्रंथालयाच्या संगणक कक्षात ओळखपत्रांची तपासणी सुरू होती. रात्री अकरानंतर विद्यापीठाबाहेरच्या कोणी तेथे बसू नये, एवढाच तिचा हेतू होता. इराणी वंशाच्या एका अमेरिकी विद्यार्थ्याने ओळखपत्र दाखवण्यास नकार दिला. आपल्याला वंशामुळे निवडून विचारले जात आहे असे त्याला वाटले, हे पुढे त्याच्या वकिलांनी सांगितले. पोलीस येईपर्यंत तो पाठीवर पिशवी घेऊन दाराकडे निघाला होता, असे त्याच्या बाजूचे म्हणणे आहे. पोलिसाने दंड धरला, तो ओरडला, अंग सैल सोडून खाली बसला आणि त्याला स्टन गनचे शॉक देण्यात आले. बेड्या घातल्यानंतरही ते थांबले नाहीत. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने केलेल्या चित्रफितीत "उभा राहा" हा हुकूम आणि त्याच्या किंकाळ्या आलटून पालटून ऐकू येतात.

दुसरे प्रकरण १७ सप्टेंबर २००७ चे, गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा विद्यापीठातले. सिनेटर जॉन केरी यांच्या सभेत एक विद्यार्थी प्रश्न विचारताना लांबत गेला, त्याचा ध्वनिक्षेपक बंद केला गेला आणि पोलिसांनी त्याला मागे खेचत नेऊन जमिनीवर पाडून शॉक दिला. "मला टेझर मारू नका" हे त्याचे ओरडणे नंतर टी-शर्टांवर छापले गेले. टेझर हे स्टन गनच्या एका प्रचलित बनावटीचे नाव.

माझे मत नकाराकडे झुकते. तथापि ज्यांनी तेथे शिक्षण घेतले आहे, पोलिसांत काम केले आहे किंवा ज्यांना या यंत्राची वैद्यकीय बाजू ठाऊक आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

टवाळपंत

रात्री साडेअकराला ग्रंथालय उघडे असते, ही माहिती पचवण्यासच मला थोडा वेळ द्यावा. आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय सायंकाळी साडेपाचला बंद होत असे आणि पाच वाजल्यापासून शिपाई आमच्याकडे ज्या नजरेने पाहत असे, तिच्यापुढे स्टन गनची आवश्यकता नव्हती.

कऱ्हाडकर

मी स्पष्टच लिहितो. ओळखपत्र दाखवले असते तर प्रकरण दहा सेकंदांत मिटले असते. नियम सर्वांना ठाऊक होता आणि तो विद्यार्थ्यांच्याच सुरक्षिततेसाठी होता. त्याच विद्यापीठीय वर्षात, १६ एप्रिल २००७ रोजी, व्हर्जिनिया टेक येथे एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले, हे कोणी विसरू नये. ज्या देशात कोणाच्या पिशवीत काय असेल याचा भरवसा नाही, त्या देशात पोलिसाने मध्यरात्री नकार ऐकून घरी जावे, अशी अपेक्षा आपण करतो आहोत काय? आणि त्याने पिस्तूल काढले नाही, स्टन गन काढली. हा संयमच झाला.

मुक्काम_सॅन_होजे

कऱ्हाडकर, ओळखपत्र दाखवायला हवे होते, याबद्दल दुमत नाही. या घटनेची स्वतंत्र चौकशी विद्यापीठाने पोलिसांवर देखरेख ठेवण्याचा दीर्घ अनुभव असलेले वकील मेरिक बॉब यांच्याकडे सोपवली होती. त्यांचा अहवाल ऑगस्ट २००७ मध्ये आला. विद्यार्थ्याने ओळखपत्र दाखवले असते तर पुढचे काही घडले नसते, हे त्यांनीही मान्य केले आहे. परंतु शॉक देणे अनावश्यक होते, टाळता आले असते आणि प्रसंगाच्या मानाने ते अतिरेकी होते, हा त्यांचा निष्कर्ष आहे. उलट पोलीस खात्याच्या अंतर्गत चौकशीने संबंधितांना नियमांच्या चौकटीतच ठरवले. एकाच रात्रीच्या एकाच घटनेबद्दल दोन चौकशा दोन टोकांना पोचल्या, याचे एक कारण अहवालातच सापडते: त्या वेळचे विद्यापीठ पोलिसांचे नियम इतरत्रच्या नियमांपेक्षा सैल होते आणि निष्क्रिय प्रतिकार करणाऱ्यावरही, म्हणजे नुसते अंग सैल सोडून बसणाऱ्यावरही, हे यंत्र वापरण्यास वाव ठेवत होते.

नुकसानभरपाईचा दावा २००९ मध्ये २ लाख २० हजार डॉलरवर मिटला.

व्हर्जिनिया टेकचा दाखला येथे लागू पडत नाही. तो हल्ला आधीच्या नोव्हेंबरमध्ये ग्रंथालयात उभ्या असलेल्या पोलिसाच्या मनात असणे शक्य नव्हते. शिवाय पिशवीतल्या शस्त्राची भीती असती, तर पोलिसांनी प्रथम पिशवी दूर केली असती आणि भोवतीच्या विद्यार्थ्यांना बाहेर काढले असते. प्रत्यक्षात विद्यार्थी जवळ येऊन त्यांच्याकडे नाव आणि बिल्ला क्रमांक मागत होते, आणि त्यांपैकी एकाला तुलाही शॉक बसेल असे सुनावण्यात आले.

स्नेहलता

"संयमच झाला" हे वाक्य मला खटकले. पिस्तूल काढण्याजोगा प्रसंगच नव्हता. मग पिस्तूल न काढणे याला संयम कसे म्हणावे?

फौजदार_निवृत्त

वसुधाताई, मी महाराष्ट्र पोलीस दलात उपनिरीक्षक पदापर्यंत काम करून निवृत्त झालो. स्टन गन मी कधी हाताळलेली नाही, परंतु खाली बसून राहिलेल्या माणसाला हलवण्याचे काम पुष्कळ केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

रस्त्यावर ठिय्या देणारा माणूस अंग सैल सोडतो. हे त्याला त्याच्या पुढाऱ्याने शिकवलेले असते आणि आम्हालाही ते ठाऊक असते. अशा वेळी चार शिपाई लागतात: दोघे काखेखाली हात घालतात, दोघे गुडघ्यांखाली धरतात आणि उचलबांगडी करून गाडीत नेऊन ठेवतात. डोके लोंबकळू नये म्हणून पाचवा बरोबर चालतो. यात घाम निघतो, सदऱ्याची बटणे तुटतात, क्वचित कोणी चावतो आणि लोक हसतात. शिपायाला सर्वांत अधिक झोंबते ते हे हसणे. माझ्या अनुभवात लाठी पुष्कळदा त्या हसण्यानंतर उठते, आणि त्या क्षणी जो अधिकारी "थांबा, पाणी प्या" असे म्हणतो, त्याच्या हाताखाली प्रकरणे चिघळत नाहीत.

ती चित्रफीत मीही पाहिली. तेथे एकाहून अधिक पोलीस होते, मुलगा सडपातळ होता आणि दार फार दूर नव्हते. अशा स्थितीत उचलून नेणे सहज शक्य होते. हाती यंत्र नसते तर त्यांनी तेच केले असते, असे माझे मत आहे. बोट दाबले की काम होते असे वाटू लागले म्हणजे उचलण्याचा त्रास कोण घेणार?

एक बाब मात्र यंत्राच्या बाजूने नोंदवतो. लाठीचा हिशेब कोणी ठेवत नाही. किती लाठ्या चालल्या, कोणी चालवल्या, कोणाच्या पाठीवर पडल्या, यांपैकी काहीही कागदावर येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "सौम्य लाठीमार" एवढेच छापून येते. या यंत्रात चाप केव्हा ओढला आणि किती सेकंद ओढला, याची नोंद आपोआप होते, असे मी वाचले आहे. ते खरे असेल तर तशी सोय लाठीलाही हवी होती.

टवाळपंत

फौजदारसाहेब, लाठीला नोंदयंत्र बसवले तर पहिल्या आठवड्यातच ते "नादुरुस्त" होईल.

भूलतज्ज्ञ

नोंदीबद्दल फौजदारसाहेबांनी वाचले ते बरोबर आहे. त्या जोडीला यंत्राविषयी थोडे लिहितो, कारण या विषयावरील निम्मे वाद "पन्नास हजार व्होल्ट" या आकड्यावरच अडतात.

तो आकडा हवेतून किंवा कपड्यांतून ठिणगी पार करण्यासाठी लागणाऱ्या विद्युतदाबाचा आहे. त्या काळी पोलिसांत सर्वाधिक प्रचलित असलेल्या टेझर एक्स२६ या यंत्रात प्रत्यक्ष शरीरावर पडणारा दाब सुमारे १,२०० व्होल्ट असे, आणि सरासरी प्रवाह काही मिलिअँपिअर इतकाच. सेकंदाला सुमारे १९ स्पंद आणि चाप एकदा ओढला की पाच सेकंद, अशी रचना होती. चाप धरून ठेवला तर त्याहून अधिक काळ शॉक चालू राहतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे हे यंत्र दोन प्रकारे वापरता येते, आणि वर वर्णन केलेल्या घटना समजून घेण्यासाठी तो भेद लक्षात ठेवावा लागतो. पहिल्या प्रकारात दाबाखालील नायट्रोजनच्या जोरावर तारांना जोडलेले दोन काटे सुटतात आणि अंगात रुततात. त्या दोन काट्यांमधले स्नायू आखडतात आणि माणूस उभा असेल तर ओंडक्यासारखा कोसळतो. त्याला हात पुढे करता येत नाहीत, त्यामुळे डोके आपटण्याचा धोका मोठा असतो. दुसऱ्या प्रकारात काटे न सोडता यंत्राचे तोंडच अंगावर टेकवतात. यातील दोन टोके अगदी जवळ असल्यामुळे स्नायू तसे आखडत नाहीत. केवळ वेदना होते, आणि तीव्र होते. यूसीएलए येथे हीच दुसरी रीत वापरली गेली. म्हणजे तेथे यंत्राने विद्यार्थ्याला रोखण्याचे काम केलेच नाही. हुकूम मानेपर्यंत वेदना देणे, एवढाच त्याचा उपयोग होता.

"शॉक बसल्यावर त्याला उभे राहता येणे शक्यच नव्हते" असे त्या वेळी अनेकांनी लिहिले होते. स्नायूंच्या दृष्टीने पाहता टेकवण्याच्या रीतीत हे काटेकोरपणे खरे नाही. परंतु वेदनेने भेदरलेला, बेड्यांत असलेला, ओरडणारा माणूस हुकूम ऐकून, समजून, हातांच्या आधाराविना उठू शकेल, ही अपेक्षा मला वैद्य म्हणून वाजवी वाटत नाही. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक उतरलेल्या रुग्णाला "जरा कुशीवर व्हा" असे सांगितले तर ते त्याच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, हे मी रोज पाहतो.

मृत्यूंचा प्रश्नही येतोच. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये अमेरिकेतील अशा १,००५ घटना शोधून काढल्या, ज्यांत पोलिसांनी टेझर वापरल्यानंतर माणूस दगावला. त्यांपैकी १५३ प्रकरणांत शवचिकित्सेने टेझरला मृत्यूचे कारण किंवा एक कारण ठरवले होते. बाकीच्यांत हृदयविकार, अमली पदार्थ, झटापट अशी कारणे मिसळलेली होती. वापराची एकूण संख्या पाहता प्रमाण अल्प आहे, हे मान्य करावेच लागेल. पण निर्मात्या कंपनीनेच २००९ मध्ये छातीवर नेम धरणे टाळावे अशी सूचना दिली, हेही तितकेच खरे आहे.

तर्कटी

डॉक्टरांच्या प्रतिसादामुळे माझा गोंधळ कमी झाला. याचा अर्थ आपण दोन वेगळ्या वस्तूंविषयी बोलत आहोत: दूर असलेल्या, हल्ला करू पाहणाऱ्या माणसाला पाडणारे यंत्र आणि हाताशी असलेल्या माणसाला वेदना देणारे यंत्र. पहिल्याला पाठिंबा देऊन दुसऱ्याला विरोध करता येईल. मी तसा करतो.

कऱ्हाडकर

भेद मान्य. तरीही आपण सर्वजण सोयीची प्रकरणे निवडत आहोत, असे मला वाटते. स्टन गन नसल्यामुळे काय घडले, याचे उदाहरण कोणी देईल काय?

पीचट्री

मी देतो, कारण मी अटलांटात राहतो आणि त्या आवारातून माझे जाणे-येणे असते.

१६ सप्टेंबर २०१७ च्या रात्री जॉर्जिया टेक येथे एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा विद्यापीठाच्या पोलिसाने गोळी झाडून मृत्यू घडवला. आवारात संशयित व्यक्ती फिरत आहे, असा दूरध्वनी त्या विद्यार्थ्यानेच केला होता, असे राज्याच्या तपासयंत्रणेने सांगितले. वसतिगृहाच्या खोलीत आत्महत्येच्या चिठ्ठ्याही सापडल्या. हातात अनेक अवजारांचा एक घडीचा संच होता आणि त्याचे पाते उघडलेले नव्हते. पोलीस ते खाली टाकण्यास पुनःपुन्हा सांगत होते आणि तो विद्यार्थी "मला गोळी घाला" असे म्हणत सावकाश पुढे येत होता. त्या विद्यापीठाच्या पोलिसांना स्टन गन दिलेली नव्हती. त्यांच्यापाशी मिरचीचा फवारा होता आणि पिस्तूल होते.

त्यानंतरच्या दिवसांत येथे जे बोलले गेले, ते या धाग्याच्या नेमके उलट होते. पालक आणि विद्यार्थी विचारत होते की, या पोलिसांजवळ स्टन गन का नव्हती? मोकळी जागा होती, काही पावलांचे अंतर होते, भोवती गर्दी नव्हती आणि समोरच्याच्या जिवालाच अधिक धोका होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या पहिल्या रीतीसाठी याहून योग्य प्रसंग मला सुचत नाही. वसुधाताई, आपण सरसकट नकार देण्यापूर्वी हे प्रकरण अवश्य वाचावे.

वसुधा_द

पीचट्री, हे प्रकरण मला ठाऊक नव्हते. कोणाचे मूल जावे आणि "यंत्र नव्हते" हे कारण असावे, हे वाचवत नाही.

स्नेहलता

मी ते प्रकरण त्या वेळी वाचले होते. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याने मानसिक संकटात सापडलेल्या व्यक्तीशी कसे वागावे याचे विशेष प्रशिक्षण घेतलेले नव्हते, अशाही बातम्या होत्या. यंत्राचा अभाव लगेच डोळ्यांत भरतो, प्रशिक्षणाचा अभाव भरत नाही. यंत्र विकणारी कंपनी असते. "दहा पावले मागे या आणि बोलत राहा" हे विकणारी कंपनी नसते.

पीचट्री

स्नेहलता, मान्य. पण दोन्ही हवीत, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. आणि मी एकतर्फी ठरू नये म्हणून याच शहराचे दुसरे उदाहरणही नोंदवतो. २५ एप्रिल २०२४ रोजी एमरी विद्यापीठात पॅलेस्टाइनसमर्थक विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले, तेव्हा विद्यापीठाने शहराचे आणि राज्याचे पोलीस बोलावले. त्या दिवशीच्या एका चित्रफितीत, जमिनीवर दाबून धरलेल्या आंदोलकावर स्टन गन लावलेली दिसते. अटक झालेल्यांत प्राध्यापकही होते. दोन्ही आवारांमध्ये जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता आहे. जेथे हवी होती तेथे स्टन गन नव्हती, आणि जेथे नको होती तेथे ती निघाली.

काळाकोट

कायद्याची बाजू अद्याप कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. मी भारतात वकिली करतो. अमेरिकी निकाल वाचण्याची हौस आहे, एवढाच माझा अधिकार.

अमेरिकेत पोलिसी बळाचे मोजमाप सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ सालच्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर या निकालाने होते. गुन्हा किती गंभीर होता, तत्काळ धोका होता का, आणि व्यक्ती सक्रिय प्रतिकार करत होती किंवा पळत होती का, हे प्रामुख्याने पाहतात, आणि तेही शांतपणे खुर्चीत बसून नव्हे, तर त्या क्षणी तेथे उभ्या असलेल्या वाजवी अधिकाऱ्याच्या दृष्टीने. या कसोटीवर ग्रंथालयातले प्रकरण घासून पाहावे. गुन्हा म्हणण्याजोगे फारसे काही नव्हते, बेड्या पडल्यानंतर धोका उरला नव्हता, आणि प्रतिकार होता तो खाली बसून राहण्याचा.

पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण येथे उपयोगी आहे. सॅन दिएगोजवळ एका तरुणाला आसनपट्टा न लावल्याबद्दल थांबवण्यात आले होते. तो अर्ध्या चड्डीवर, उघड्या अंगाने गाडीबाहेर उभा राहून स्वतःवरच चिडून बडबडत होता. पोलिसापासून वीस-पंचवीस फूट दूर होता. पोलिसाने काटे सोडले, तो तोंडावर आपटला आणि त्याचे पुढचे चार दात तुटले. हे बळ अतिरेकी होते, असे न्यायालयाने ठरवले. मात्र त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, म्हणून अधिकाऱ्याला भरपाईच्या दाव्यापासून व्यक्तिशः संरक्षण मिळाले. चौथ्या परिमंडळाने २०१६ मध्ये आणखी पुढे जाऊन, खांबाला मिठी मारून बसलेल्या मनोरुग्णावर, तत्काळ धोका नसताना, टेझर वापरणे घटनाबाह्य ठरवले. त्या माणसाचा मृत्यू झाला होता. तेथेही अधिकाऱ्यांना संरक्षण मिळालेच.

अमेरिकी विद्यापीठांचे पोलीस हे रखवालदार नसतात, ही बाब आपल्याकडील पालकांच्या लक्षात येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पोलीस हे राज्याच्या कायद्याने पूर्ण अधिकार असलेले पोलीस आहेत. ते अटक करू शकतात. आपल्याकडे दारावरचा रखवालदार आणि बाहेरचे पोलीस यांत जी भिंत आहे, ती तेथे नाही.

तर्कटी

आपल्याकडची भिंतही फारशी उंच नाही. १५ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाच्या वाचनकक्षात पोलीस शिरून लाठ्या चालवतात, हे पुढे प्रसृत झालेल्या चित्रणात दिसले. तेथे स्टन गन नव्हती, म्हणून विद्यार्थी सुखरूप राहिले असे झाले नाही.

फौजदार_निवृत्त

तर्कटी, त्या दिवशीच्या पोलिसांची बाजू मी मांडणार नाही. वाचनकक्षातून माणूस बाहेर काढायचा असेल तर दारात उभे राहून वाट पाहणे ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. कोणी तेथे मुक्काम करत नाही.

गेन्सव्हिलकर

मी फ्लोरिडा विद्यापीठात त्या घटनेनंतर काही वर्षांनी शिकलो. सभागृह तेच, फक्त त्या वाक्याची थट्टा जुनी झालेली. या प्रकरणाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण ते यूसीएलएच्या पंक्तीत बसवणे मला पटत नाही.

त्या विद्यार्थ्याने खरोखर झटापट केली होती. तो हात सोडवून घेत होता आणि त्याला धरायला अनेक पोलीस लागले. राज्याच्या तपास विभागाने पोलिसांचे वर्तन समर्थनीय ठरवले. विद्यार्थ्याने पुढे माफीपत्र लिहिले आणि अठरा महिन्यांची स्वेच्छा परिवीक्षा, म्हणजे देखरेखीखालचा चांगल्या वर्तनाचा काळ, स्वीकारून खटला टाळला.

असे असले तरी त्या चित्रफितीतला एक तपशील मला अधिक बोलका वाटतो. पोलीस त्याला खेचत असताना व्यासपीठावरून केरी सांगत होते की मला या प्रश्नाचे उत्तर देऊ द्या. ज्यांना प्रश्न विचारला त्यांची हरकत नव्हती. आणखी दोन मिनिटे प्रश्न लांबला असता, श्रोत्यांनी हुर्यो उडवली असती आणि तो खाली बसला असता. आपल्याकडच्या व्याख्यानमालांत प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून स्वतःचेच व्याख्यान देणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात, त्यांना अध्यक्ष "आपला प्रश्न काय?" असे तीनदा विचारून नामोहरम करतात.

टवाळपंत

त्या गृहस्थांपैकी एक या नात्याने मी निषेध नोंदवतो. अध्यक्षांनी मला पाच वेळा विचारले होते.

कऱ्हाडकर

गेन्सव्हिलकरांचे बरेचसे पटले. माझी भूमिका पुन्हा मांडतो, म्हणजे ती "पोलीस करतील ते योग्य" अशी समजली जाणार नाही. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात राष्ट्रीय रक्षक दलाने तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी ठार झाले आणि नऊ जखमी झाले. त्या पार्श्वभूमीवर अमेरिकी आवारांत आज वाद स्टन गनवर होतो, ही प्रगतीच आहे. हत्यार काढून घेतल्याने पोलीस सौम्य होत नाही. त्याच्या हाती उरलेले हत्यार अधिक घातक असेल, एवढेच होते. जॉर्जिया टेकने हेच दाखवले.

मुक्काम_सॅन_होजे

कऱ्हाडकर, हाच युक्तिवाद स्टन गन खरेदी करताना प्रत्येक विद्यापीठात केला जातो: पिस्तुलाऐवजी हे वापरले जाईल. माझा आक्षेप असा की, खरेदी पिस्तुलाच्या नावाने होते आणि वापर मात्र फौजदारसाहेबांच्या उचलबांगडीच्या जागी होतो. ग्रंथालयात कोणी पिस्तूल काढणार नव्हते. गेन्सव्हिलमध्येही नाही. या दोन्ही ठिकाणी स्टन गनने वाचवला तो पोलिसांचा वेळ आणि त्यांचा मान.

असेच मिरचीच्या फवाऱ्याचे झाले. १८ नोव्हेंबर २०११ रोजी डेव्हिस येथे, यूसीएलए ज्यात मोडते त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठसमूहात, रांगेने जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर पोलीस अधिकाऱ्याने झाडांवर औषध मारावे तसा फवारा मारला. ते हत्यारही हल्लेखोरासाठीच घेतलेले असणार. विद्यापीठाला २१ जणांशी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

कऱ्हाडकर

"खरेदी एका नावाने आणि वापर दुसऱ्या जागी" हे म्हणणे मला मान्य करावे लागते. मग नियम कडक करा, यंत्र काढू नका.

भूलतज्ज्ञ

माझी सूचना याहून नेमकी आहे: काटे सोडण्याची रीत ठेवावी, टेकवण्याची रीत आवारात बंद करावी. पहिलीचे वैद्यकीय धोके अधिक आहेत, हे मान्य. पण त्यामुळेच ती वापरण्यापूर्वी पोलीस दोनदा विचार करील. दुसरीत धोका कमी वाटतो, म्हणून ती सढळ हाताने वापरली जाते.

स्नेहलता

डॉक्टर, काटे सोडून झाल्यावरही तेच यंत्र अंगावर टेकवता येते ना? मग बंदी फक्त कागदावर राहील.

भूलतज्ज्ञ

येते. म्हणूनच नोंदीची तपासणी करणारा पोलीस खात्याबाहेरचा असावा.

वसुधा_द

चर्चेमुळे माझ्या प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे, परंतु एक प्रश्न आई म्हणून उरतोच. मुलाला मी नेमके काय सांगावे?

मुक्काम_सॅन_होजे

ओळखपत्र नेहमी जवळ ठेवावे आणि विद्यापीठाच्या इमारतीत मागितले तर दाखवावे. आपल्याला वंशामुळे विचारले असे वाटले, तर ठिकाण, वेळ आणि बिल्ला क्रमांक टिपून दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार करावी. हात दिसतील असे ठेवावेत आणि खिशातून काही काढण्यापूर्वी तसे सांगावे. दुसऱ्या कोणाबरोबर असे घडत असेल तर अंतर राखून चित्रण करावे, मध्ये पडू नये. ग्रंथालयातली ती चित्रफीत नसती, तर आज आपण हा धागा चालवत नसतो.

काळाकोट

यात एक भर घालतो. व्हिसाच्या अर्जात अटकेबद्दल प्रश्न असतो, आणि तो फक्त शिक्षा झालेल्यांपुरता नसतो. परदेशी विद्यार्थ्याला तत्त्वासाठी खाली बसून राहण्याची किंमत स्थानिक विद्यार्थ्यापेक्षा अधिक मोजावी लागते. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही.

तर्कटी

म्हणजे सरतेशेवटी आपण मुलांनाच सुधारायला निघालो.

वसुधा_द

तर्कटी, मुलाला सांगणे माझ्या हातात आहे, म्हणून ते विचारले. दुसरेही एक केले आहे. मुलाच्या विद्यापीठाच्या पोलिसांची नियमावली संकेतस्थळावर उपलब्ध आहे. ती आज वाचली. स्टन गन केवळ "सक्रिय प्रतिकार" करणाऱ्यावर वापरावी, असे त्यात आहे. मला हायसे वाटले. काळाकोट, हे पुरेसे आहे का?

काळाकोट

सुरुवातीच्या व्याख्या पाहा. अनेक नियमावल्यांत अंग ताठ करणे किंवा हात आवळून धरणे हेही सक्रिय प्रतिकारात मोडते.

वसुधा_द

पाहिले. "अधिकाऱ्याच्या पकडीतून हात काढून घेणे" हे त्यात समाविष्ट आहे. बेड्या घातलेल्या व्यक्तीबद्दल "अपवादात्मक परिस्थिती वगळता" असे म्हटले आहे, आणि ती परिस्थिती कोणती, हे कोठेही लिहिलेले नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आजच पत्र लिहून हे दोन्ही प्रश्न विचारते.

कऱ्हाडकर

अवश्य विचारा. पकडीतून हात काढून घेणे हा प्रतिकार असेल, तर दचकणाऱ्या प्रत्येक माणसाने प्रतिकार केला असे होईल. इतका सैल नियम मलाही नको.

फौजदार_निवृत्त

ताई, पत्रात आणखी एक ओळ घाला. यंत्रातली नोंद कोण तपासतो, किती दिवस जपून ठेवतात, आणि ज्याच्यावर यंत्र वापरले गेले त्याने मागितली तर त्याला ती मिळते का, हे विचारा. उत्तर आले की येथे जसेच्या तसे द्या. मला वाचायचे आहे.